छताला प्रोजेक्टर, डोक्यावर फक्त भिंग: बिनबॅटरीचा एआर हेडसेट कामाच्या टेबलावर कसा बसवायचा

ऑगमेंटेड रिॲलिटीचे चष्मे जड होतात ते काचेमुळे नाही. बॅटरी, प्रोसेसर, इवलासा डिस्प्ले आणि या सगळ्यांची उष्णता बाहेर टाकायची सोय, एवढा संसार नाकावर येतो. भुसावळचा पारा ४५ अंशांवर असताना कपाळाशी आणखी एक तापणारी वस्तू कोणालाच नको असते. यावर उपाय असा, की वीज खाणारं जे जे आहे ते लांब ठेवायचं आणि डोक्यावर फक्त एक छोटा पडदा, एक भिंग आणि एक अर्धआरसा (अर्धा प्रकाश परावर्तित करणारी, अर्धा आरपार सोडणारी काच) ठेवायचा. चित्र लांबच्या प्रोजेक्टरमधून त्या पडद्यावर येतं. युता इतो, ताकुमी कामिनोकाडो आणि कान अक्शित यांनी २०२१ मध्ये 'बीमिंग डिस्प्ले' या नावानं हे तत्त्व मांडलं. त्यानंतरच्या प्रयोगांत पडदा-भिंगाच्या जागी पातळ वेव्हगाइडही (प्रकाश आतून डोळ्यापर्यंत वाहून नेणाऱ्या काचपट्ट्या) आले. ते घरी बनणारे नाहीत. पडदा-भिंगाचा प्रकार मात्र बनतो.

इथे दिलेली मांडणी खुर्चीत बसून, दोन्ही हात गुंतलेले असताना करायच्या कामासाठी आहे: मोबाइल दुरुस्तीचं टेबल, सराफी कारागिराचा पाट, आयटीआयतलं वायरिंगचं प्रशिक्षण. केळीच्या बागेत फिरत हे वापरायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. उन्हात पांढरी भिंत सुमारे २०,००० निट (निट हे पृष्ठभागाच्या उजळपणाचं माप) उजळ दिसते आणि आपल्या हेडसेटमधून डोळ्यापर्यंत ३०० ते ४०० निट पोहोचतात. खोलीत ते भरपूर आहेत, बागेत काहीच दिसणार नाही.

खरेदीआधीचा हिशेब

बहुतेकांचं गाडं पहिल्याच पायरीवर अडतं. घरगुती प्रोजेक्टरचं थ्रो-गुणोत्तर (अंतर भागिले चित्राची रुंदी) साधारण १.२ असतं, म्हणजे १.५ मीटरवर चित्र सव्वा मीटर रुंद पडतं. हेडसेटवरचा पडदा आहे २४ मिलिमीटरचा. प्रोजेक्टर १,२८० पिक्सेलचा असेल तर पडद्याच्या वाट्याला जेमतेम २५ पिक्सेल येतात. त्यात एक अक्षरही नीट बसत नाही. प्रोजेक्टर चांगला की वाईट हा प्रश्नच नाही, चित्र फार पसरतंय हा प्रश्न आहे. म्हणून त्याची लेन्स काढून जागी लांब फोकसची कॅमेरा-लेन्स लावायची.

०.३ इंची ७२० पी डीएलपी चिपवर (बारीक आरशांनी चित्र घडवणारी चिप) पिक्सेल ५.४ मायक्रॉनचे असतात, म्हणजे चिप ६.९ मिमी रुंद. १३५ मिमीची लेन्स लावून १.५ मीटरवर चित्र पाडलं तर मोठेपण (१,५०० ÷ १३५) − १, म्हणजे सुमारे १० पट. चित्र ७० × ३९ मिमीचं होतं. एक पिक्सेल ०.०५५ मिमीचा झाला आणि २४ × १३.५ मिमीच्या पडद्याला सुमारे ४४० × २४५ पिक्सेल मिळाले. पाच ओळींचा मजकूर किंवा साधी आकृती यात आरामात बसते.

याचा आणखी एक फायदा आहे. चित्र पडद्यापेक्षा मोठं असल्यामुळे डोकं डावी-उजवीकडे २३ मिमी आणि पुढे-मागे साधारण १२ मिमी हललं तरी पडदा प्रकाशाच्या चौकटीतच राहतो. डोकं कुठे आहे ते कॅमेऱ्यानं पाहायचं आणि चौकटीतल्या चौकटीत चित्र सरकवायचं. एकही हलता भाग लागत नाही.

साहित्य

- एलईडी असलेला छोटा डीएलपी प्रोजेक्टर, ०.३ इंची चिपचा, खरे १०० ते १५० एएनएसआय ल्युमेन (प्रमाणित पद्धतीनं मोजलेला उजेड). खोक्यावर छापलेल्या 'हजारो ल्युमेन'वर जाऊ नका. चार इंची एलसीडी पॅनेल असलेले स्वस्त प्रोजेक्टर इथे निरुपयोगी. एवढ्या मोठ्या पॅनेलचं चित्र ७० मिमीत आणायला पाऊण मीटरहून जास्त फोकसची लेन्स लागेल. लेझर प्रोजेक्टर घेऊ नका, डोळ्याचा धोका वाढतो.
- जुनी १३५ मिमी, एफ/२.८ ची फिल्म कॅमेऱ्याची लेन्स, छिद्र हातानं कमी-जास्त करता येणारी (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान). धुळे-जळगावच्या जुन्या फोटो स्टुडिओंच्या कपाटांत अशा लेन्स पडून असतात. टॉर्च मारून आत बुरशीचं जाळं नाही ना ते पाहा.
- ५० मिमी फोकसचं, ३८ मिमी व्यासाचं बहिर्गोल भिंग. ॲक्रिलिकचं हलकं पडतं.
- ५०/५० अर्धआरसा, १ मिमी काच, ३५ × ५० मिमी.
- दोन्ही बाजूंनी मॅट असलेली ड्राफ्टिंग फिल्म.
- ग्लोबल शटरचा (पूर्ण चित्र एकाच क्षणी टिपणारा) कृष्णधवल यूएसबी कॅमेरा (ओव्ही ९२८१ सेन्सरचा, १,२८० × ८००), १६ मिमीची एम१२ लेन्स, ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड-पास फिल्टर आणि त्याच तरंगलांबीचे इन्फ्रारेड एलईडी.
- ६ मिमी ॲल्युमिनियमची प्लेट, २५ मिमीचा लोखंडी चौकोनी पाइप, फेस शील्डचा हेडबँड, ५ मिमी फोम बोर्ड.
- लिनक्स असलेला लॅपटॉप, पायथन आणि ओपनसीव्ही (कॅमेऱ्याच्या चित्रांवर गणित करणारी लायब्ररी).

जळगावात गोलाणी मार्केटमध्ये केबल, अडॅप्टर आणि सोल्डरिंगचं सामान मिळून जातं. भिंग, अर्धआरसा आणि कॅमेरा मात्र ऑनलाइनच मागवावे लागतील.

प्रोजेक्टरची लेन्स बदलणं

वॉरंटी जाणार, हे गृहीत धरा. काम पंख्याखाली करू नका. फरशी ओल्या फडक्यानं पुसा, खिडक्या बंद करा आणि अर्ध्या तासानं प्रोजेक्टर उघडा. चिपसमोर बसलेला धुळीचा एक कण पुढे डोळ्याला काळ्या डागासारखा दिसत राहतो, कारण इकडे भिंग लावून बसलेलो आहोत.

बहुतेक छोट्या प्रोजेक्टरांत लेन्सची नळी आट्यांवर फिरते किंवा दोन-तीन स्क्रूंवर बसलेली असते. ती सरळ बाहेर काढा. मागच्या प्रिझमला आणि चिपला हात लावू नका. आता कॅमेरा-लेन्स चिपपासून ठरावीक अंतरावर बसवायची. एम४२ माउंट (जुन्या लेन्सची आट्यांची बैठक) असेल तर लेन्सच्या बैठकीपासून चिपपर्यंत ४५.४६ मिमी, निकॉन एफ असेल तर ४६.५ मिमी. मध्ये प्रिझमची काच आहे, ती फोकस मागे ढकलते. काचेच्या जाडीच्या एक-तृतीयांश इतकं अंतर वाढवा. १२ मिमी प्रिझम असेल तर ४ मिमी. हे मोजमाप अचूक जमत नाही, म्हणून अडॅप्टर थ्रीडी प्रिंट करताना त्याला लांबट स्क्रू-खाचा ठेवा आणि चित्र पाहत जागा पक्की करा. आणखी एक गोष्ट तपासा: अशा बऱ्याच लेन्सचं जवळात जवळ फोकस अंतर १.५ मीटरच्या आसपासच असतं. कमी पडलं तर लेन्सखाली २-३ मिमीची चकती घाला.

चित्राची एक बाजू उजळ आणि दुसरी अंधारी आली तर लेन्स खराब आहे असं समजू नका. पुष्कळ प्रोजेक्टरांत प्रकाश चिपवरून तिरपा निघतो, कारण मूळ लेन्स एका बाजूला सरकवलेली असते. नवी लेन्स त्याच दिशेनं २ ते ४ मिमी सरकवून पाहा, एका जागी दोन्ही बाजू सारख्या होतात. एवढ्यानं भागलं नाही तर तो प्रोजेक्टर या कामाचा नाही.

छिद्र किती ठेवायचं? उत्तर एफ/५.६. एफ/२.८ वर उजेड चौपट मिळतो, पण फोकसची खोली इतकी उथळ होते की मान जराशी खाली गेली की अक्षरं विरघळतात. एफ/५.६ वर पडदा ३ मिमीनं वर-खाली झाला तर एक पिक्सेलभर धूसरपणा येतो, १ सेंटिमीटरनं झाला तर तीन पिक्सेलभर. तीन पिक्सेलपर्यंत मोठी अक्षरं वाचता येतात. याची किंमत म्हणजे प्रोजेक्टरचा सातअष्टमांश उजेड वाया जातो. तरी चिंता नको: उरलेले १२-१३ ल्युमेन ७० × ३९ मिमीत एकवटतात, ते साडेचार हजार लक्सच्या (लक्स म्हणजे चौरस मीटरमागे ल्युमेन) वर जातात. म्हणूनच १०० ल्युमेन पुरतात. अडीच-तीन हजार ल्युमेनचा वर्गातला प्रोजेक्टर इथे आणला तर फक्त उष्णता आणि धोका वाढेल.

हेडसेट

मांडणी वरून खाली अशी: पडदा, त्याखाली भिंग, त्याखाली ४५ अंशांत अर्धआरसा, आणि आरशामागे डोळा. अर्धआरशाची वरची कड चेहऱ्यापासून लांब, खालची कड गालाकडे. उलट बसवला तर चित्र डोळ्याऐवजी समोरच्या माणसाकडे जातं. भिंगापासून आरशाच्या मध्यापर्यंत २० मिमी, तिथून डोळ्यापर्यंत २८ मिमी ठेवा. नंबरचा चष्मा असेल तर ४-५ मिमी जास्त.

पडदा ते भिंग हे अंतर सगळ्यात नाजूक. भिंग ५० मिमीचं आहे, पडदा ४८.८ मिमीवर ठेवला तर चित्र २ मीटरवर तरंगताना दिसतं, ४६.२ मिमीवर ठेवला तर ६० सेंमीवर. टेबलावर काम करणाऱ्याला दुसरं बरं, कारण सर्किटवरून चित्राकडे पाहताना डोळ्याला पुन्हा फोकस करावा लागत नाही. अडीच मिमीत एवढा फरक पडतो, म्हणून पडद्याची चौकट सरकती ठेवा आणि दोन छोट्या स्क्रूंनी आवळा. दिसणारं चित्र साधारण २७ अंश रुंद येईल.

पडद्यासाठी ट्रेसिंग पेपर मोहात पाडतो, पण भिंगातून पाहिलं की त्यातले तंतू दोऱ्यांसारखे दिसतात. ड्राफ्टिंग फिल्मचा पोत बारीक असतो. एकच थर लावला आणि मधोमध झगझगीत ठिपका दिसला, तर प्रकाश पुरेसा विखुरत नाहीये. दुसरा थर लावा. फिल्म मिळाली नाही तर १ मिमी काच १,००० नंबरच्या वॉटर पेपरवर पाणी घालून गोल-गोल घासा, दोन्ही बाजूंनी, आरपारची अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत.

अर्धआरशात दुहेरी प्रतिमा दिसते, अशी तक्रार हमखास येते. १ मिमी काचेच्या दोन पृष्ठभागांवरून येणारी प्रतिबिंबं पाऊण मिमीनं सरकलेली असतात. चित्र लांब तरंगत असेल तर हे अंतर डोळ्याला कळत नाही. म्हणजे दुहेरी दिसतंय याचा अर्थ पडदा भिंगाच्या फार जवळ गेलाय, किंवा काचेऐवजी वाकलेलं ॲक्रिलिक लावलंय. महागडा आरसा मागवायच्या आधी स्क्रू सैल करून अंतर मोजा.

सांगाडा थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीईटीजी प्लास्टिकमध्ये करा. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं भिंग दुसऱ्या दिवशी वाकडं बसलेलं मिळतं. डोळ्याभोवतीचा आतला भाग काळ्या मॅट रंगानं रंगवा. हेडसेट एकाच डोळ्याचा राहतो. दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण ६३ मिमी, त्यामुळे दोन्ही पडदे ७० मिमीच्या चौकटीत मावत नाहीत. ज्या डोळ्यानं नेम धरता त्याच डोळ्यासमोर बसवा.

कुठे टांगायचं

टेबलावर काम करताना मान साधारण २० अंश खाली असते. तेव्हा हेडसेटच्या पडद्याचा रोख बरोबर डोक्यावर नसून थोडा पुढे-वर असतो. म्हणून प्रोजेक्टर पडद्यापासून १.५ मीटरवर, पण डोक्याच्या ५० सेंमी पुढे आणि १.४ मीटर वर बसवा, त्याच रेषेत खाली झुकवून. सरळ डोक्यावर टांगला तर मान वर करूनच काम करावं लागेल.

जळगावात पीव्हीसी पाइप मुबलक आणि स्वस्त, त्यामुळे हात आधी तिकडेच जातो. या कामाला तो घेऊ नका. उन्हाळ्यात लवतो आणि कायम थरथरतो. प्रोजेक्टर अंशाच्या दहाव्या हिश्श्यानं हलला तर १.५ मीटरवर चित्र २.६ मिमी सरकतं आणि भिंगातून पाहणाऱ्याला ते ३ अंशांची उडी वाटते. लोखंडी चौकोनी पाइपची कमान करून टेबलालाच बोल्ट करा. छताला टांगायचं असेल तर पंख्याच्या हुकाजवळ नको, कंपन स्लॅबमधून येतं. धाब्याच्या घरात कडीला टांगताना वर कापड ताणून बांधा, माती झरत राहते.

कॅमेरा आणि प्रोजेक्टर एकाच ॲल्युमिनियम प्लेटवर, दोन्ही लेन्स शेजारी-शेजारी आणि समांतर बसवा. दोन वेगळ्या आधारांवर लावले तर प्रत्येक धक्क्यानंतर जुळणी बिघडते. एकाच प्लेटवर असले की दोघं मिळून हलतात आणि चूक बरीचशी आपोआप भरून निघते.

डोळ्याची सुरक्षा

लेन्स बदललेल्या प्रोजेक्टरमध्ये थेट पाहू नका, एकदाही. सगळा उजेड अरुंद झोतात आलेला असतो. तीन गोष्टी सक्तीच्या. मार्कर दिसेनासे झाले की प्रोग्रॅमनं पुढच्याच फ्रेमला चित्र पूर्ण काळं करायचं. पडद्याची फिल्म गोंदानं न चिकटवता चौकटीत स्क्रूनं दाबून बसवायची, कारण ती निखळली तर झोत भिंगातून थेट डोळ्याकडे जातो. आणि हेडसेट घालून उन्हात जायचं नाही. फिल्म नसताना भिंग सूर्य गोळा करून आरशावरून डोळ्यात टाकेल.

डोक्याचा माग काढणं

फोम बोर्डच्या १४० × १०० मिमी तुकड्यावर चार अरुको मार्कर (कॅमेऱ्याला ओळखता येणारे काळे-पांढरे चौकोन) लावा, प्रत्येक २० मिमीचा, ४×४ संचातला. हा तुकडा टाळूवर बसतो आणि पुढे झुकलेल्या भिंगाला तोलही मिळतो. चारही मार्कर एकाच सपाटीत असतील तर कॅमेऱ्याला तुकडा पुढे कललाय की मागे हे अधूनमधून उलटं वाटतं आणि चित्र एकदम उडी मारतं. एक मार्कर २० मिमी उंच ठोकळ्यावर बसवला की हा घोळ मिटतो.

मार्कर झेरॉक्सच्या दुकानातून लेझर प्रिंटरवर छापून घ्या. इंकजेटची काळी शाई बऱ्याचदा इन्फ्रारेडमध्ये पारदर्शक असते. डोळ्याला काळाकुट्ट दिसणारा मार्कर कॅमेऱ्याला कोरा कागद दिसतो. टोनरमध्ये कार्बन असतो, तो काळाच राहतो. लॅमिनेशन करू नका, एलईडीची चमक येऊन चौकोन पुसला जातो. इन्फ्रारेड वापरण्याचं कारण साधं आहे: प्रोजेक्टरचा एलईडी त्या पट्ट्यात उजेड टाकत नाही, त्यामुळे चित्र बदललं तरी कॅमेऱ्याचं दृश्य बदलत नाही. खिडकीतून ऊन टेबलावर येत असेल तर खिडकीला पडदा लावा, उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं.

१६ मिमीच्या लेन्समधून १.५ मीटरवर साधारण ३६० मिमी रुंदी दिसते. एक कॅमेरा-पिक्सेल ०.२८ मिमीचा झाला. मार्करचे कोपरे पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत शोधता येतात. ओपनसीव्हीमध्ये त्यासाठी सब-पिक्सेल सुधारणा चालू करावी लागते, ती आपोआप होत नाही.

जुळणी

आधी फक्त कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करा, बुद्धिबळाच्या पटाची २०-२५ छायाचित्रं घेऊन, कामाच्याच अंतरावर. मग कॅमेरा आणि प्रोजेक्टर एकमेकांशी जुळवा.

१. हेडसेट ट्रायपॉडवर लावा आणि पडद्याच्या मध्यावर पेन्सिलनं बारीक खूण करा. पडद्याचा मध्य मार्करपासून कुठे आहे ते तिन्ही दिशांना कॅलिपरनं मोजून प्रोग्रॅममध्ये लिहा.

२. प्रोजेक्टरची लेन्स एफ/१६ करा. उजेड कमी होईल, पण फोकसबाहेरची फुलीही ओळखता येईल.

३. फुली बाणाच्या कळांनी सरकवत खुणेवर आणा आणि एंटर दाबा. प्रोग्रॅमनं त्या क्षणाची पडद्याच्या मध्याची स्थिती (X, Y, Z, कॅमेऱ्याच्या दृष्टीनं) आणि फुलीचे पिक्सेल (u, v) नोंदवायचे.

४. १.४६, १.५० आणि १.५४ मीटर अशा तीन अंतरांवर प्रत्येकी सहा जागा घ्या, कोपरे धरून.

५. X/Z, Y/Z, १/Z आणि एक स्थिरांक, या चार राशींवरून u साठी आणि तशाच v साठी साधं लघुतम वर्ग (लीस्ट स्क्वेअर्स) समीकरण बसवा.

सर्वसाधारण ११ गुणकांची प्रक्षेप-सारणी इथे वापरू नका. झोत जेमतेम ३ अंशांचा आहे. एवढ्या अरुंद कोनात ते गणित डळमळतं आणि दर वेळी वेगळी उत्तरं येतात. वरचं चार राशींचं समीकरण दोन्ही लेन्स समांतर असतील तर स्थिर राहतं. चूक तीन पिक्सेलच्या आत आली पाहिजे. जास्त आली तर निम्म्या वेळा कॅलिपरचं मोजमाप चुकलेलं असतं, समीकरण नव्हे. जुळणी झाली की लेन्स पुन्हा एफ/५.६ वर आणायला विसरू नका.

चालवताना प्रत्येक फ्रेमला मार्करवरून पडद्याच्या चार कोपऱ्यांच्या जागा काढायच्या, त्यांचे प्रोजेक्टर-पिक्सेल काढायचे आणि चित्र त्या चौकोनात ताणून बसवायचं. बाकी सगळं काळं. पहिल्या वेळी अक्षरं उलटी दिसू शकतात. 'क' लिहून पाहा आणि प्रोग्रॅममध्ये बाजू फिरवा.

उशीर आणि थरथर

कॅमेरा, गणित, स्क्रीनच्या पुढच्या फ्रेमची वाट आणि प्रोजेक्टरची स्वतःची प्रक्रिया मिळून ५०-६० मिलिसेकंद सहज जातात. सावकाश डोलणारं डोकंही सेकंदाला ४० मिमी सरकतं, म्हणजे चित्र अडीच मिमी मागे राहतं. प्रोजेक्टरमधलं ऑटो-कीस्टोन (तिरपं चित्र आपोआप सरळ करण्याची सोय), नॉइज रिडक्शन, सगळं बंद करा आणि गेम मोड असेल तर लावा. वायरलेस कास्टिंग अजिबात नको, एचडीएमआयच. उरलेल्या उशिरासाठी शेवटच्या पाच नोंदींवरून वेग काढून चित्र तितकं पुढे टाका. मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये हेडसेट हलवून चित्रण केलं की उशीर किती फ्रेम आहे ते मोजता येतं. तोच आकडा वापरा. आकडा जास्त भरला तर डोकं थांबल्यावर चित्र पुढे जाऊन परत येतं.

स्थिर बसूनही चित्र थरथरत असेल तर गाळणी लावा, पण साधी सरासरी नको, ती उशीर वाढवते. वेग कमी असताना जास्त आणि वेग वाढला की कमी गाळणारी 'वन युरो' गाळणी या कामाला बरोबर बसते.

काय दाखवायचं

काळा म्हणजे पारदर्शक. म्हणून काळ्यावर पांढरी किंवा हिरवी अक्षरं. पांढरी पाटी दाखवली तर समोरचं काम झाकलं जातं. एकाच रंगात ठेवलेलं बरं, कारण डीएलपी लाल, हिरवा, निळा एकापाठोपाठ दाखवतो आणि डोकं हललं की पांढऱ्या अक्षरांना इंद्रधनुषी कडा येतात.

देवनागरीला रोमनपेक्षा जास्त पिक्सेल लागतात. अक्षराची उंची किमान ३० पिक्सेल, ओळीतलं अंतर ४२, जाड ठशाचा फाँट. चाचणीसाठी 'केळी, कैरी, कौल, कोळसा' एवढं लिहा. 'के' आणि 'कै' वेगळे वाचता आले तर बाकी सगळं वाचता येईल. ते एक दिसले तर अक्षर वाढवण्याआधी फोकस पाहा. खुर्चीत घसरून बसल्यानं डोकं दोन-तीन सेंमी खाली गेलेलं असतं. मानेमागे टेकू असलेली खुर्ची हा या सगळ्या यंत्रणेतला स्वस्त आणि फार परिणामकारक भाग आहे.

उन्हाळा, वीज, धूळ

छोटे प्रोजेक्टर साधारण ३५ ते ४० अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेले असतात. पत्र्याच्या छताखाली दुपारी वरची हवा त्याहून गरम असते आणि प्रोजेक्टर न सांगता बंद पडतो. एलईडी इको मोडवर ठेवा, उजेड पुरतो. वाऱ्यासाठी ८० मिमीचा पंखा लावायचा तर ॲल्युमिनियम प्लेटला न जोडता कमानीला, रबराच्या चकत्यांवर.

वीज जाऊन इन्व्हर्टरवर येताना प्रोजेक्टर बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर डीसी बाजूला मिनी यूपीएस जोडा. व्होल्टेज आणि अँपिअर अडॅप्टरवर लिहिलेले असतात, तेच घ्या. पुन्हा सुरू झाल्यावर प्रोजेक्टर ऑटो-कीस्टोन परत चालू करतो का ते तपासा. जुळणी अचानक १०-१५ पिक्सेलनं हुकली तर पहिला संशय तिथे घ्या.

पडद्यावर बसलेली धूळ ब्लोअरनं उडवा, कापडानं पुसू नका. मॅट पृष्ठभागावर तेलकट डाग बसला की तो चित्रात कायम राहतो. पावसाळ्यात हेडसेट आणि जुनी लेन्स झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

डोकं जास्त हलवायचं असेल तर

चौकट ७० मिमीची, त्यामुळे मान १० अंश वळली तरी पडदा ३ सेंमी सरकून बाहेर जाऊ शकतो. पुढची पायरी म्हणजे लेन्ससमोर फिरता आरसा. आरसा १ अंश फिरला की झोत २ अंश वळतो आणि १.५ मीटरवर ५२ मिमी सरकतो. खेळण्यातले सर्व्हो मोटर पाव अंशाच्या आसपास चुकतात, म्हणजे सेंटिमीटरहून जास्त. म्हणून सर्व्होनं झोत फक्त जवळपास न्यायचा आणि बारीक जुळणी चौकटीतल्या सरकवण्यानंच करायची. त्यासाठी प्रत्येक क्षणी आरशाचा खरा कोन कळायला हवा, तेव्हा आरशाच्या दांड्यावर चुंबकीय एन्कोडर (कोन मोजणारा सेन्सर) लावा. सर्व्होला दिलेल्या आज्ञेवर विश्वास ठेवू नका. लेझर शोचे गॅल्व्हो (आरसा झटकन फिरवणाऱ्या मोटर) वेगवान असतात, पण त्यांचे आरसे साधारण १० मिमीचे आणि आपला झोत लेन्सपाशीच २४ मिमी रुंद आहे, त्यामुळे बहुतेक उजेड कडेनं निघून जातो. ४५ अंशांत ठेवायच्या आरशाची लांबी किमान ४० मिमी हवी आणि चकाकी पुढच्या पृष्ठभागावर असलेला आरसाच घ्या. घरचा साधा आरसा इथे दोन चित्रं पाडतो.